हे कुणाचं?

शुक्रवारी रात्री आठला फोनवर अटी आल्या:
वस्तू, चमचा. वाक्य, "हे कुणाचं?"
लांबी पाच मिनिटं, एक सेकंद वर नाही.
रविवारी रात्री आठला दार बंद.

यशोधनने पहाटेपर्यंत विषप्रयोग लिहिला.
खून, तपास, एक बाई.
बाई कुठून आणायची, विचारल्यावर
बाई खोडली; मग खुनाला कारण उरलं नाही.

आमचा कॅम्प सजामध्ये. शारजा जिथे संपतं
तिथून पुढे क्रशरची धूळ आणि आम्ही.
नवा आलेला प्रत्येक मराठी माणूस त्या नावावर एकदा हसतो.
मुनाफ परकार हसला नव्हता. त्याचे वडील कोतवाल;
सजा म्हटलं की त्याला तलाठ्याचं दप्तर आठवतं.
तो फोर्कलिफ्ट चालवतो, हात हलत नाही,
म्हणून कॅमेरा, म्हणजे माझा फोन, त्याच्याकडे.

मेसमधून चमचा उचलून आणला.
जवळून घेतला, अजून जवळून,
आणि मुनाफ म्हणाला, थांब, ह्याच्यावर लिहिलंय काहीतरी.
ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, घासून अर्धं गेलेलं:
कै. वेणूबाई तात्या घोसाळकर हिचे स्मरणार्थ.

खुनाची गोष्ट तिथेच मेली.

शनिवारी दुपारपासून खोल्या फिरलो.
दार वाजवायचं, चमचा पुढे करायचा, वाक्य म्हणायचं.
टेकबहादूर म्हणाला, माझा नाही, मी हाताने जेवतो.
सजीवन म्हणाला, आईचा असाच होता, मूठ वाकलेली,
मग आपल्या भाषेत बराच वेळ बोलला.
कळत नव्हतं, पण मुनाफने फोन खाली घेतला नाही.
गुलझरीनने उजेडाकडे धरून पाहिला,
सदऱ्याला पुसला, परत दिला.
बारा नंबरमध्ये रात्रपाळीचे सहा जण झोपलेले.
आवाज नीट यावा म्हणून एसी बंद केला,
ऑगस्टमध्ये, चार मिनिटं.
सहाही जण घामाने जागे झाले, शिवी कुणी दिली नाही.
एक म्हणाला, मी मंडणगडचा,
पण घोसाळकर काय, आमच्याकडे पन्नास घरं.

एकूण दोन तास अकरा मिनिटं.
पाचात बसवायची.

मी टाइमकीपर. दहा मिनिटं उशीर,
अर्धा तास कापतो, रोज कापतो, झोप लागते.
रविवारी सजीवनची आई कापली.
टेकबहादूर नुसता हसण्यापुरता राहिला.
बारा नंबरच्या अंधारातले सहा श्वास
यशोधन म्हणाला काढ, मी ऐकलं नाही,
त्यांच्यासाठी गुलझरीनचा सदरा गेला.
वेणूबाईंना पावणेदोन सेकंद मिळाले.

सात पन्नासला ब्याण्णव टक्क्यांवर अडकलं.
यशोधन लॅपटॉप तान्ह्या पोरासारखा छातीशी धरून
गच्चीवर गेला, पाण्याच्या टाकीवर चढला,
तिथे शेजारच्या कंपनीचं वायफाय येतं.
सात अठ्ठावन्नला वरून ओरडला, गेलं!
मग हळू म्हणाला, गेलं असावं.

चमचा परत द्यायला मी मेसमध्ये गेलो.
तुळशीदास आचारी कढईवरून तापला होता:
दोन दिवस शोधतोय मी, कळतं का काही?
लोणच्याच्या बरणीत दुसरा चमचा जात नाही,
आणि घरून आणलेला एवढाच तर एक.

सगळ्यांना विचारलं होतं आम्ही. ह्याला नाही.

आठ वाजून सहा मिनिटं झाली होती.