अंक चव्वेचाळीस

विश्वंभर गुरुजींनी पत्र्याची पेटी पायानंच पुढं सरकवली.
"घ्या. त्रेचाळीस अंक हायत.
दोन उंदरानं खाल्ले, ते मला पाठ हायत."

सेलूच्या स्टेशन रोडवर, लड्डा प्रेसच्या माडीवर,
लग्नपत्रिकांची रद्दी आणि एका बंद कूलरच्या मधे
आम्ही तिघं:
मी, झेरॉक्सच्या दुकानातून दुपारची सुट्टी मागून आलेला,
नौशीन, वाजिद पेंटरची नात,
आणि संदिपान, ज्याचं अक्षर
तालुक्यातल्या निम्म्या शाळांच्या भिंतींवर आहे.
आजपासून वायरमन आमचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी:
खाकी शर्ट, कमरेला पक्कड, पायात टायरची चप्पल.
पाठीवर झूल नाही. झूल तारेत अडकते, गुरुजी म्हणायचे.
लाइट गेली की त्याच्या अंगात शक्ती येते,
आली की जाते.
आमच्याकडं त्याला शक्तीची कधी कमी पडली नाही.

त्रेचाळिसाव्याचं शेवटचं पान:
वादळात तार तुटलीय,
सरकारी दवाखान्यात कुणाचंतरी पोट उघडलेलं,
वायरमन खांबावर,
एक टोक उजव्या हातात, एक डाव्या,
मधे तो.
त्याच्यातून लाइट चाललीय.
खाली कोपऱ्यात: पुढील अंकात.

मी सहावीत होतो. रात्री गच्चीवर पडून हिशोब करायचो:
दवाखान्यात लाइट आहे, म्हणजे ह्याची शक्ती गेली.
मग हा कशाच्या जोरावर धरून आहे?

पुढचा अंक नऊ वर्षं आला नाही.

पेटी उचलायच्या आधी मी तेच विचारलं.
गुरुजींनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.
"कागद महागला. लड्डानं उधारी बंद केली."
"पण तुमच्या मनात काय होतं?"
"मनात? मनात उधारी होती, बाबा."

वाजिदचाचांची बोटं आता चहाचा कपही सांडतात.
नातीला एवढंच म्हणाले,
"नाक नको बदल बेटा. बाकी तेरी मर्जी."

तिनं नाक ठेवलं.
बाकी नऊ वर्षं काढली.
मिशा पांढऱ्या, चपलेचा अंगठा तुटलेला,
खांद्यावर कावळ्याचं घरटं, तारेच्या तुकड्यांचं,
त्यात दोन पिल्लं, चोची उघडून.
मी म्हटलं, वाचक ओळखणार नाहीत.
ती म्हणाली, वाचकांनापण मिशा आल्यात आता.

मग तिनं खालचं गाव काढलं.
वाढदिवसाचे फ्लेक्स, मोबाइलची दुकानं,
आणि दवाखान्याच्या मागं, निळ्या पत्र्याखाली,
जनरेटर.
कधीचा आलेला. पत्र्यावर गंजसुद्धा चढलेला.

आम्ही तिघंही त्या चौकटीकडं बघत राहिलो.
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या पानावर शिडी. शिडीवर एक पोरगी, नवीन भरती,
डोक्यावर पिवळं हेल्मेट.
तीपण वायरमनच, ओळखपत्रावर तसंच लिहिलंय.
तिच्या तोंडाजवळचा फुगा चार दिवस रिकामा होता.
मी पंधरा वाक्यं लिहिली, चौदा खोडली.
"ड्युटी बदलली, काका. उतरा."
संदिपान म्हणाला, एवढंच? फुगा केवढा काढलाय तिनं.
म्हटलं, राहू दे मोकळा.

त्याच्या पुढच्या चौकटीत तो विचारतो, "मग तार?"
इथं आमचं भांडण आहे.
संदिपान म्हणतो, सोडून दे, जनरेटर आहे की.
नौशीन म्हणते, पोरीनं धरायची, एका हातानं.
मला पिल्लांचं काय करायचं ते कळेना.
बुधवारी पानं छापायला द्यायचीत.

गुरुजी दोनदा जिना चढून आले,
दारातून बघितलं, काही बोलले नाहीत.
दुसऱ्यांदा मात्र खाली रस्त्यावर पोचल्यावर ओरडले:
"कायबी बोलायच्या आधी
त्याला पाणी द्या रे!"