डावा कान

ग्रिम्सबीत, फ्रीमन स्ट्रीटवरच्या आमच्या दवाखान्यात
मंगळवारी सव्वादहाला आल्या इर्मट्राउट बेन्केन.
वय एक्क्याऐंशी. तक्रार : डावा कान.
सोबत नवरा, कीथ ऑजर्बी,
मासळीबाजारातला जुना लिलाववाला,
ज्याचा आवाज ऐकायला
कुणालाच यंत्र लागत नाही.

मी विचारलं, गोंगाटात काम केलंय? कारखाना वगैरे?
म्हणाल्या, संसदेत.
एकोणीस वर्षं. ब्रसेल्स, स्ट्रासबुर्ग, पुन्हा ब्रसेल्स.
उजवा कान सभागृहाला मोकळा,
डाव्यावर हेडफोन.
फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता.
मी 'इतर'वर खूण केली.

काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं.
आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असो.
त्यांनी बटण उलटसुलट करून पाहिलं :
"आणि तटस्थ राहायचं असेल तर?"

आलेख उतरत गेला,
ओहोटीला चिखल उघडा पडावा तसा.

मधेमधे बोलत होत्या.
मासेमारी समिती. जाळ्याचा डोळा केवढा असावा
यावर सहा वर्षं काथ्याकूट.
शेवटी वाढला दहा मिलिमीटर.
अंगठा नि तर्जनीत तेवढी फट धरून
मला दाखवली :
"ही माझी कारकीर्द.
हिच्यातून किती पिल्लं निसटली
त्याची नोंद कुठल्याच बंदरात नसते."

दारातून कीथ ओरडला,
आमच्या किती बोटी भंगारात गेल्या, त्याची असते!
त्यानंच तेव्हा टपालानं
हॅडॉकचं मुंडकं पाठवलं होतं तिकडे.
बाईंनी पोच दिली, सहीशिक्क्यानिशी,
आणि खाली पेनानं एक ओळ :
मुंडक्यावरून दिसतंय, मासा मापात बसत नव्हता.
तिथून संसार.

सोळा सालच्या जूनमध्ये
टोस्टला लोणी लावता लावता तो म्हणाला,
मी बाहेर पडायला मत दिलंय.
"तेव्हा पहिल्यांदा जाणवलं,
डावीकडून मला नीट ऐकू येत नाही."
तो डावीकडेच बसतो.

एक गोष्ट मात्र त्यांनी अगदी हळू सांगितली,
स्वतःलाही ऐकू जाणार नाही इतकी.
त्या कानात एकोणीस वर्षं एकच बाई बोलत होती.
स्पेनचा आडमुठा उठला, तरी तीच.
डेन्मार्कचा गोडबोल्या, त्यालाही तिचाच गळा.
इंग्लंडचा एकजण टेबल बडवून शिव्या द्यायचा,
ती त्या स्वच्छ जर्मनमध्ये पोचवायची,
किंचित दमून.
"सगळे वैरी एकाच आवाजात बोलायचे.
वैर धरणार कुणाशी?"
शेवटच्या दिवशी फुलं घेऊन
केबिनपर्यंत गेल्या.
आत अर्धा ग्लास पाणी,
खुर्चीच्या पाठीवर कार्डिगन.
जेवणाची सुट्टी होती.

यंत्र बसवलं. आवाज वाढवला.
छपरावरच्या सीगलांनी त्या दचकल्या,
मग हसल्या.
"काहीतरी बोला. तुमच्या भाषेत."

ऐनवेळी काय सुचणार!
मी म्हटलं,
आज सकाळी पोह्यांत मीठ कमी पडलं.

त्यांनी मान जराशी डावीकडे कलवली,
नजर समोरच्या भिंतीवर,
आणि थांबल्या.
दोन सेकंद. तीन.
मागून येईलच,
या सवयीनं.

कीथसुद्धा गप्प.