गळत नाही म्हणजे

थॉर्फिन लिंकलेटरच्या सिंकखाली
मी पाठीवर आडवी, अर्धी आत, अर्धी बाहेर,
विजेरी दातांत.
तो वरून विचारतो, "दिसला का?"
दिसला.
त्याच्याच हातचा, एकोणीसशे अडुसष्टचा सांधा.
करड्या शिशाचा फुगीर कांदा,
गरम असतानाच फडक्याने पुसून गोल केलेला,
आणि अजून कोरडा ठणठणीत.

हे काम मला यानेच शिकवलं.
स्ट्रॉमनेसच्या अर्ध्या घरांतलं पाणी
याच्या बोटांखालून गेलंय.
म्हणून जपून बोलते.

स्टुलावर त्याने सगळं मांडून ठेवलंय.
शेंदराचा डबा, गंजून बसलेलं झाकण,
जवसाच्या तेलाचा वास,
तागाची पिवळी जट,
डाग द्यायची कांडी, निम्मं कथील, निम्मं शिसं.
"घे. याने कधी दगा दिला नाही."

माझ्या खिशात पांढऱ्या टेपचं रीळ,
'पिण्याच्या पाण्यासाठी' असं छापलेलं,
शिसं नसलेली तार,
आणि पाण्याने धुऊन जाणाऱ्या फ्लक्सची डबी.
त्याला ही खेळणी वाटतात.

"पन्नासच्या वर वर्षं झाली, इंगा.
थेंब गळला नाही."
"नाही गळला," मी म्हणते.
"बाहेर नाही."

मग बराच वेळ खिडकीशी नुसता वारा.

आमच्या बेटांवरचं पाणी मऊ.
मऊ माणसासारखं,
काही मागत नाही, घेऊन जातं.
रात्रभर नळीत उभं राहून शिसं चाटतं.
तेलातल्या तागावर बुळबुळीत काहीतरी वस्तीला येतं.
हे त्याला मी काय सांगणार?
शाळेचे नळ बदलताना त्यानेच मला सांगितलं होतं.
पण ते नळ दुसऱ्या कुणी बसवलेले.

माडीवर त्याच्या नातीचं बाळ रडायला लागतं,
सहा आठवड्यांचं.
तो छताकडे बघतो, मग डब्याकडे.
"रेडिएटरला तरी चालेल?"
"ताग चालेल. शेंदूर कुठेच नको."
"कुठेच नको," तो म्हणतो,
आणि डबा अंगणातल्या खोपटात ठेवून येतो.
यायला वेळ लावतो.

तोवर मी कापून घेते.
शिसं कापताना आवाज करत नाही.
तांब्याला डाग देते, आट्यांवर टेप,
घड्याळाच्या दिशेने बारा वेढे,
सुटं टोक नखाने दाबून.
पाणी सोडते आणि वाहू देते.
"वाया चाललंय," तो दोनदा म्हणतो.
चालू दे.

शेवटी ग्लास भरून त्याच्या हातात.
उजेडात धरतो, पितो,
जीभ टाळूला लावून थांबतो.
"चवच नाही याला,"
तक्रार केल्यासारखा म्हणतो,
आणि बाळाची बाटली विसळायला घेतो.