वांग्यावरची रेघ

शाळेला कुलूप लागलं त्या दिवशी
लॅबच्या दहा मॉनिटरवर मी सतरंजीचे तुकडे पांघरले,
माउस डब्यात ठेवले, डब्याला सुतळी बांधली
आणि घरी आलो.
लॅब माझ्या मागोमाग आली, खिशात वाजत.

हेडसरांनी माझा नंबर गेटवर खडूनं लिहिला होता:
ऑनलाइनची अडचण असल्यास.
असल्यास!

"सर, पोट्टी दिसते पण मॅडम नाही दिसून रायल्या."
"सर, हे गोल गोल फिरून रायलं, थांबवू काय त्याले?"
"दीड जीबी म्हणजे किती दिवसाचं हो सर?"
कोणी पाण्याच्या टाकीवर चढून विचारी,
कोणी तुरीच्या धुऱ्यावरून, आवाज तुटत तुटत.
मी ओसरीत बसून सगळ्यांच्या पडद्यावर
न दिसणारं बोट फिरवत राहायचो.

पंचफुलाबाई कुमरे. शेवटचं घर, नाल्यापलीकडं.
फोन दिराचा, अकरा वाजेपर्यंतच हातात.
"माइक दाबा," मी म्हणालो.
"माइक कोनता?"
"तो... माइकचं चित्र असते ना."
"सर, मले चित्र दिसते. माइक नाही दिसत."

मग मी माझ्याच फोनकडं पाहिलं,
तिच्या जागी बसून, आठ वर्षांत पहिल्यांदा.
माइक कुठं होता? एक वांगं होतं.
उभं, उलटं, देठ खाली केलेलं,
आणि त्याच्यावर तिरपी रेघ.

"बाई, वांग्यावर रेघ दिसते का?"
"हाव! मंग असं सांगा ना."
"त्या रेघेवर बोट ठेवा."
आणि कुडाच्या भिंतीतून, कोंबड्यांसकट,
आचल कुमरेचा आवाज शाळेत पोचला,
जी शाळा तेव्हा कुठंच नव्हती.
"हजर मॅडम."

त्या आठवड्यात मी ट्रेनिंगची फाईल बासनात गुंडाळली.
तीन ठिपके म्हणजे मुंग्या.
दातेरी चाक म्हणजे उसाचा चरक, तिथं बोट घालायचं नाही.
हापशीवर बायका एकमेकींना विचारू लागल्या,
"तुह्या पोराचं वांगं उघडलं काय व?"
ज्याला कळत नव्हतं तो भलतंच समजून हसायचा.

श्रावणात तालुक्याच्या साहेबांनी पालकांची सभा घेतली.
त्रेचाळीस चौकोन. काही चौकोनांत नुसतं छप्पर,
एकात बैलाचा कान.
साहेब बोलत होते. हात हलत होते, ओठ हलत होते,
मागच्या भिंतीवरचं घड्याळ चालत होतं,
आवाज नव्हता.
हेडसर मान डोलवत होते.
मी 'सर, आपला माइक' असं लिहिलं, पुसलं,
परत लिहिलं, परत पुसलं.
माझ्या करारावर सही त्यांचीच लागते.
अकरा मिनिटं.

"ओ साहेब," नाल्यापलीकडून आवाज आला,
"वांग्यावर रेघ हाय तुमच्या!"

चाळीस घरांतून हसू फुटलं,
तुटत, अडकत, एकमेकांच्या मागून.
मीही हसलो, पण माझं वांगं बंद होतं.

मग तूर फुलली, शेंगांवर आली.
ज्या कंपनीनं मला शाळेला दिलं होतं
तिनं पाच महिने पगार दिला नव्हता
आणि तिच्या हेल्पलाइनवर एक बाई
गोड आवाजात मला एक दाबायला सांगायची, मग दोन.
लोकांची नेटं दुरुस्त करायला
मी मेहुण्याकडून रिचार्ज मारून घेत होतो.
हे कुणाला सांगावं असा नंबर
कुठल्याच गेटवर लिहिलेला नव्हता.

एका संध्याकाळी पंचफुलाबाईंचा फोन.
"काय बिघडलं बाई?"
"काही नाही बिघडलं. आज दीर गावाले गेला,
फोन घरीच हाय. म्हनलं, लावून पाहावं."
मला पुढं सुचेना.
पलीकडं भाकर थापल्याचा आवाज.
"सर, माहा आवाज येऊन रायला ना?"
"येतो बाई."
"मंग तुमचा काहून नाही येत?"

मी फोन कानापासून दूर धरून पाहिला.
रेघ नव्हती.
"जेवले काय?" ती म्हणाली,
आणि थापणं थांबवून
वाट पाहत राहिली.