मूस

मनामात, सोनेबाजारामागच्या गल्लीत
तिसऱ्या मजल्यावर माझं टेबल.
पडद्यावर फिरतेय एक बांगडी,
मुहर्रकच्या कुणा नवरीची,
जाळीकामाची, दोनशे सोळा पाकळ्यांची.
एका पाकळीला किती क्लिक
हे मी मोजलं होतं एकदा, रिकामपणी.
आता मी मोजत नाही. हात मोजतो.

अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मधलं बोट
रात्री दोनला जागी व्हायची माझ्याआधी.
मी हात झटकायची अंधारात
थर्मामीटर झटकावा तसा.
मग एकदा गुदैबियाच्या खोलीचं कुलूप
उघडेना. किल्ली तीच होती.
मग करकचा कप.

आईची एक बांगडी होती हातात, दोन-सहाची.
टेबलाच्या कडेवर टकटक करायची दिवसभर.
काढून ठेवली ड्रॉवरात, चार्जरच्या वायरींमध्ये.
अख्ख्या आखातातल्या मनगटांची मापं मला पाठ
आणि माझं मनगट
एकीलाच जड म्हणालं.

शेजारची रोवेना बोटांना रबर लावून
पंजा उघडते, मिटते, उघडते.
जेद्दात तीन वर्षं तिनं हे केलं नाही,
पुढचे सहा महिने स्वतःचे केस विंचरले नाहीत.
एवढंच सांगते, आणि रबर माझ्याकडे फेकते.
दवाखान्यातल्या शीजानं आधी हात पाहिलाच नाही,
खुर्चीचा फोटो मागितला.
खुर्ची वर घे, म्हणाली, कोपर हवेत कशाला टांगलंयस?
माऊस जवळ ओढ, तो काही पळून जात नाही.
आणि एसीचा तो झोत, थेट दंडावर,
बाहेर पंचेचाळीस, आणि तू स्वेटर विसरतेस.

शुक्रवारी अप्पांचा व्हिडिओ कॉल, हुपरीहून.
चाळीस वर्षं पैंजणांच्या कड्या झाळलेला माणूस.
मी बोलत होते, ते हात बघत होते.
"असा मोडून धरत्यात व्हय मनगाट, राजाक्का?
ऐरणीपशी धरला असतास तर चिमटा मारला असता."
मग थोडं थांबून,
"तुझी मूस कवा तापती?"

कसली मूस, अप्पा.

"आवं, चांदी वितळंस्तोवर आमी काय करायचो?
हात मांडीवर उताणं टाकायचो. बसायचो.
चांदी घाई करू देत न्हाई कुणाला.
तुझं सोनं थांबवतंय का तुला कुठं?"

नाही थांबवत.
माझं सोनं वितळत नाही, धुरत नाही,
चुकलं तर एका बोटानं मागे जातं
आणि लगेच पुढचं मागतं.
अप्पांच्या कामात वाट बघणं भरलेलं होतं,
माझ्या कामातून ते कुणीतरी काढून घेतलं
आणि त्याला वेग म्हणालं.

(अप्पांचे डोळे अधू झाले, खोकला छातीत राहिला.
जुनं ते सगळंच सोनं नव्हतं.
मी फक्त थांबणं मागतेय त्यातलं.)

म्हणून फोनवर गजर लावलाय, दर पंचवीस मिनिटांनी.
नाव दिलंय: मूस.
थरथरला की हात मांडीवर, उताणे.
खांदे कानांपासून खाली.
खिडकीतून समुद्राकडे बघायचं, तो दिसत नाही,
मधे बँकेची इमारत आहे,
पण त्या दिशेला.

रोवेनानं विचारलं, हे काय, माऊस?
नाही गं, म्हटलं, मूस.
माऊसच्या अगदी उलट.
तिनं "मूस" दोनदा म्हणून पाहिलं
आणि आपला फोन काढला.

काल मालक जवादसाहेब आले ऐन त्याच वेळी.
दोन बायका, चार हात मांडीवर,
पडद्यावर नवरीची बांगडी आपली आपण फिरतेय.
त्यांनी घड्याळ पाहिलं, मग आम्हाला.
तीन मिनिटं, म्हटलं. तापतेय.
काय तापतेय, ते त्यांनी विचारलं नाही.

ड्रॉवर अजून बंदच आहे.
रात्री मात्र या आठवड्यात
बोटं दोनदाच उठली.