शुद्धिपत्र

कालिन्याहून ऋजुता पाठारे आल्या,
शालनच्या कवितांवर पीएच.डी. करतायत.
माझगावचे तीन जिने चढून धाप लागलेली,
तरी पाण्याआधी वही काढली.

म्हणाल्या, दार हा शब्द एक्केचाळीस वेळा आलाय.
काय असेल हो काका, हे दार?
मी म्हटलं, फुगायचं.
गोदीकडून खारा वारा येतो, लाकूड फुगतं,
खांदा लावल्याशिवाय उघडत नाही.
त्यांनी लिहून घेतलं : खांदा.

मग नेणिवेबद्दल बोलल्या,
जणू ती आमच्याच मजल्यावरची भाडेकरू,
अपरात्री नळ सोडणारी.
दडपलेलं म्हणे कुठं जात नाही,
दुसऱ्या शब्दाचं लुगडं नेसून परत येतं.
मी मान हलवली.
छापखान्यात चौतीस वर्षं
लेखकांपुढे अशीच हलवली होती.

चहा झाल्यावर म्हणाल्या,
मला छापलेलं नको, वह्या हव्यात.
खाडाखोड, डाग, चुका. चुका तर हव्यातच.
बाईंच्या पाच पुस्तकांत एकही चूक नाही,
असं कसं?

कसं म्हणजे?
खेतवाडीतला मुद्रितशोधक मी.
रात्री भांडी झाली की तिची वही घ्यायचो
आणि लाल पेन्सिल.
'विसर' हवं तिथं ती 'विसार' लिही.
मी काना उडवायचो. खोलीसाठी दिलेले आगाऊ पैसे
आणि विसरणं, यातला फरक कळू नये?
आणि 'बाहेर' हवं तिथं 'माहेर'.
माहेर पडले आणि श्वास घेतला.
दाराच्या माहेर कुणी उभं आहे.
एकदा नव्हे, दर वहीत.
मी म काटून समासात ब लिहायचो, सुवाच्य.
ती बघायची, म्हणायची,
अगं बाई, लक्षातच नाही आलं.

तिचं माहेर फणसवाडीत. बसनं वीस मिनिटं.
तिच्या भावानं माझा विसार बुडवला
म्हणून अकरा वर्षं
मी तिला तो जिना चढू दिला नाही.

हे पाठारेबाईंना सांगितलं नाही.
वह्या वाळवीनं खाल्ल्या म्हटलं.
त्या हळहळल्या, चप्पल घातली,
दार उघडेना, तेव्हा न सांगता
खांदा लावला.

आमच्या धंद्यात एक खूण असते.
चुकून काटलेला शब्द राहू द्यायचा असेल
तर त्याच्याखाली टिंबं द्यायची, ओळीनं.
जुळारी समजतो : होतं तसं ठेव.
परक्यांच्या प्रुफांवर हजारदा दिली असेन.

पलंगाखालून ट्रंक ओढली आहे.
वाळवी नाही, नुसता डांबरगोळ्यांचा वास.
सतरा वह्या.
पहिलीच्या चौथ्या पानावर पेन्सिल टेकवली,
टिंब पडलं. दुसरं पडलं.
जुळारी कधीच वारला.