सोहार, गुरुवार रात्र

ताटं विसळून झाली की
मेसच्या टेबलावर वही उघडतो इस्माईल मुकादम,
बाणकोटचा, वय एक्केचाळीस, मचाण बांधणारा.
सुपरवायझरची परीक्षा आहे.
शिकवतो मी, कारण मी स्टोअरमध्ये बसतो
आणि माझ्याकडे पेनं असतात.

म्हटलं, दोन बाजूंचं वाक्य लिही, मध्ये बट.
त्यानं लिहिलं:
धिस पाइप मे प्रॉबेब्ली होल्ड,
बट यू मस्ट नेव्हर स्टँड ऑन इट.

मे आणि प्रॉबेब्ली एकत्र नको, मी म्हणालो,
एक शंका पुरे.

सर, तुम्ही पाइपावर चढत नाही.

मी खोडलं नाही.

साडेनऊला घरून फोन.
ईदला येणार ना?
येईन, तो म्हणाला.

मी वहीकडे बघत राहिलो.
हे येईन म्हणजे विल, की मे?
इंग्रजीत ते शब्द क्रियापदाच्या आधी उभे असतात,
हेल्मेट घालून, लांबून दिसतील असे.
आपलं सगळं शेपटाला:
येईन, यावं, येईलसं वाटतं,
यायला हवं होतं.

तिकडून ती काहीतरी बोलली.
तो हसला, मग फोन दुसऱ्या कानाला लावला.

काय म्हणाली?

म्हणाली, च लाव.

बाहेर बंदराकडून रिव्हर्स घेणाऱ्या ट्रेलरचा आवाज,
एसीचं पाणी बादलीत.

च ला इंग्रजीत काय, सर?
डेफिनेटली.
एवढं लांब?

स्पेलिंग त्यानं विचारून विचारून लिहिलं.
पुढचा बट मात्र
न विचारता.